खडूची गाडी

"पाय घ्या जावईबापू, तुमचा पाय स्वयंपाकघरात आलाय," वडील म्हणाले.

जावयानं खाली पाहिलं आणि मुकाट्यानं पाय मागे घेतला. शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर वडील गुडघे टेकून बसले होते. एक खडू कानामागे, दुसरा बोटांत. त्यांच्यापुढे मोटरहोम आकाराला येत होतं. इथे ओटा, इथे बाक, इथे वरच्या झोपायच्या फळीची सावली तेवढी तुटक रेघेनं.

त्याची बायको, म्हणजे वडिलांची थोरली, दाराशी उभी राहून बघत होती. कडेवर लेक, भिंगरी. भिंगरीला खाली उतरायचं होतं आणि थोरली उतरू देत नव्हती, कारण शेडमध्ये खिळे असतात. खरं तर आता नव्हते. वेल्डिंगचं यंत्र, रंधे, पत्र्याच्या थप्प्या, सगळं कुठे कुठे गेलं होतं आणि महिनाअखेर वडील किल्ल्याही देऊन टाकणार होते. उरली होती चार लाकडी खोकी, कोपऱ्यातलं आईचं शिलाई मशीन आणि ही जमीन. इतक्या वर्षांच्या खडूनं ती जागोजागी पांढुरकी झाली होती.

वडिलांनी जन्मभर ट्रकच्या आणि बसच्या बॉड्या बांधल्या, पण कागदावर कधी रेघ मारली नाही. कागदावर सगळंच मावतं, असं त्यांचं म्हणणं. काम आलं की ते पूर्ण मापाची गाडी जमिनीवर खडूनं काढायचे आणि गिऱ्हाइकाला तिच्यात राहायला लावायचे. म्हणजे अगदी राहायला. बसा, उठा, आडवे व्हा, डबा काढून जेवा. पोट सुटलेले ट्रकमालक खडूच्या रेघांमध्ये डबा उघडून बसायचे आणि बाहेर त्यांचे ड्रायव्हर तोंड फिरवून हसायचे. पण मालक उठून म्हणायचा, "इथे गुडघा लागतोय हो," आणि तेव्हा कुठे वडील करवतीला हात घालायचे.

त्यामुळे थोरलीच्या भावानं, धाकट्यानं, ज्या दिवशी परदेशात मोटरहोम भाड्यानं घेऊन दोन आठवडे भटकायचा बेत काढला, त्या दिवशी वडिलांनी ना नकाशा मागितला ना फोटो बघितले. एवढंच म्हणाले, "रविवारी सगळे शेडवर या. काढून बघू."

"ताई, उतरव की तिला," धाकटा म्हणाला. तो वडिलांच्या मागे मागे ओल्या फडक्यानं चुकलेल्या रेघा पुसत होता. बसडेपोत वेळापत्रकं बसवायचं काम त्याचं. कुठली बस कुठून किती वाजता सुटेल हे तो ठरवतो आणि स्वतः मात्र कुठलीच गाडी चालवत नाही. शाळेत असताना त्याला फिट येऊ लागल्या. गोळ्यांनी त्या कधीच्या थांबल्या, पण स्टिअरिंगला हात लावायचा नाही हे डॉक्टरांनी एकदा सांगितलं आणि त्यानं एकदाच ऐकलं.

धाकटा नाही, आणि जावयाला एवढी रजा नाही, म्हणजे गाडी चालवणार थोरली. हे कुणी ठरवलं नव्हतं. कुणी तिला विचारलंही नव्हतं. डोंगरातले रस्ते, तळ्याकाठचे मुक्काम, कुठे पाणी भरायचं, कुठे गाडी लावून झोपायचं, सगळं धाकट्यानं महिनोन् महिने जुळवत आणलं होतं, आणि ते सगळं ताईच्या हातांवर उभं होतं. वडील तर तिला लहानपणापासून उस्ताद म्हणत आले.

आणि उस्तादानं भिंगरी झाल्यापासून गाडी चालवली नव्हती.

हे फक्त तिच्या नवऱ्याला माहीत होतं. बाकीच्यांना तिनं कधी पार्किंग मिळत नाही म्हणून सांगितलं, कधी डोकं दुखतंय म्हणून. प्रत्यक्षात व्हायचं असं, की गाडी कोपऱ्यावर वळली की तिची मान मागे जायची. भिंगरी सीटवर बांधलेली असायची, बहुतेक वेळा झोपलेलीच. तरी मान जायची. नवऱ्यानं मूल दिसेल असा छोटा आरसा लावून दिला. तिनं आरशात पाहिलं आणि आरशावर विश्वास न बसून पुन्हा मागे पाहिलं. एकदा मान सरळ केली तेव्हा पुढचा सिग्नल लाल होऊन गेला होता आणि ती तो ओलांडून आली होती. काही झालं नाही. तिनं गाडी कडेला लावली, भिंगरीला कडेवर घेतलं आणि घरी चालत आली. संध्याकाळी नवरा गाडी घेऊन आला. किल्ली खुंटीला अडकवली आणि एक अक्षर विचारलं नाही. माणूस विमा कंपनीत होता, दिवसभर लोकांना प्रश्न विचारायचा, पण घरी कुठे विचारू नये हे त्याला कळायचं.

आज संध्याकाळी गाडीवाल्या कंपनीच्या बाईचा फोन येणार होता. तिला ड्रायव्हरचं नाव हवं होतं. ते दिलं की बेत पक्का. नाही दिलं तर ती गाडी दुसऱ्या कुणाला जाणार होती आणि पुढच्या वर्षापर्यंत दुसरी नव्हती.

"मी आपली आधीच सांगून ठेवते," आई मशीनपाशी बसल्या बसल्या म्हणाली. या शेडमध्ये बॉड्या वडिलांनी बांधल्या आणि सीटा आईनं शिवल्या, त्यामुळे इथे तिचा शब्द पत्र्यासारखा वाजायचा. "एवढंसं पोर घेऊन चाकांवर संसार मांडायचा, परक्या मुलखात, रानात झोपायचं. मला हे पटलेलं नाही."

"आई, रानात नाही. गाड्या लावायला तिथे जागा केलेल्या असतात. नळ असतो, दिवा असतो, शेजार असतो," धाकटा म्हणाला.

"शेजार कुणाचा?"

"दुसऱ्या गाड्यांचा."

"म्हणजे तेही तुमच्यासारखेच."

"आईंचं अगदीच चूक नाही," जावई हळूच म्हणाला. "उंचीची अट असते, पुलाखालून गाडी जात नाही. ओरखडा पडला तरी तो कुणी पाडला हे आपण सिद्ध करायचं. शिवाय गॅसची शेगडी गाडीतच, आणि झोपायचंही तिथेच."

"जावईबापू, तुमच्याशी दोन घटका बोललं ना, की वाटतं माणसानं पाळण्यातून उतरूच नये," वडील रेघ ओढत म्हणाले.

"पाळण्यातूनही पडतात," जावई म्हणाला, आणि आई हसली. सासू आणि जावई एका बाजूला आहेत असा प्रसंग या घरात क्वचित येई. दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

शेडमधल्या एकुलत्या एका खुर्चीवर आत्या बसली होती. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाली होती, पण निवृत्ती तिच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती. "काढून झाली का रे गाडी?" तिनं धाकट्या भावाला, म्हणजे वडिलांना, विचारलं. "भांडण गाडीत बसून करू. बाहेर पाय दुखतात."

"वन्सं, तुम्ही कुणाच्या बाजूनं?" आईनं विचारलं.

"आज सकाळपर्यंत तुझ्या. पण आता ह्याला गुडघ्यावर बघितलं. मला ठरवू दे."

वडील उठले, कंबरेवर हात ठेवून मागे वाकले आणि म्हणाले, "चला. दारातून आत यायचं. रेघेवरून उड्या मारायच्या नाहीत."

मग सगळे ओळीनं खडूच्या दारातून आत शिरले. आत्याची खुर्ची धाकट्यानं बाकाच्या जागी आणून ठेवली. आई नाराजी दाखवत आली, पण आल्याबरोबर ओट्यासमोर उभी राहून तिनं मागे वळायला जागा आहे का ते बघितलं. भिंगरीला थोरलीनं शेवटी खाली सोडलं. ती सरळ भिंतीतून बाहेर गेली, पुन्हा भिंतीतून आत आली, आणि तिला कुणीच काही बोललं नाही. पुढे ड्रायव्हरच्या जागी वडिलांनी एक खोकं उपडं घालून ठेवलं होतं.

"उस्ताद, बसा," ते म्हणाले.

थोरली खोक्यापाशी गेली आणि उभीच राहिली. "बसते. आधी झोपायची जागा बघू दे."

"आडवा हो रे," वडील धाकट्याला म्हणाले. तो पाय लांब करून जमिनीवर पडला, तर त्याची पावलं थेट आत्याच्या खुर्चीखाली.

"हे चालायचं नाही. हा माझ्या पायाशी झोपणार, आणि मी तर येतच नाहीये," आत्या म्हणाली.

जावई फोनवर कंपनीचं चित्र उघडून बसला होता. त्यानं एकदा चित्र पाहिलं, एकदा जमीन पाहिली. मग खिशातून टेप काढला. असा माणूस रविवारीही खिशात टेप ठेवतो. "बाबा, रागावू नका. पण रुंदी हातभर कमी आहे. लांबीही. आणि तिकडे गाड्या रस्त्याच्या उलट्या बाजूनं चालतात, म्हणजे स्टिअरिंग या बाजूला हवं."

"चुकणार नाही. मी आकडे वाचून काढलंय."

"तुम्हीच बघा."

वडिलांनी टेप घेतला. धाकट्यानं दुसरं टोक धरलं. दोघांनी रुंदी घेतली, मग आडवी भिंत घेतली, मग वरच्या फळीची तुटक रेघ. वडिलांनी टेप सोडला, तो सळसळत परत गेला. खडू कानामागे ठेवायला त्यांनी हात वर नेला, तर तिथे एक खडू होताच.

सगळ्यांत आधी आईला कळलं. ती ओट्यापासून एक पाऊल मागे झाली. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही आपली गाडी काढलीत."

थोरलीनं पुन्हा एकदा सगळ्या रेघांवरून नजर फिरवली आणि तिला कळेना की आपल्याला हे आधी कसं दिसलं नाही. तो दाराशेजारचा कोनाडा, ती खिडकीखालची अरुंद फळी. फळीवर कोपर ठेवलं की कुठवर येतं हे तिच्या कोपराला अजून पाठ होतं.

ती एका बेकरीची पाव वाहणारी गाडी होती. बेकरीवाल्यानं टाकून दिली, ती वडिलांनी ओढत आणून शेडमागच्या मोकळ्या जागेत उभी केली. तिचं चाकांवरचं घर करायचं आणि सगळ्यांनी सुट्टीत लांब जायचं, असा बेत होता. रोज काम संपलं की वडील तिच्यात काहीतरी करायचे. फळी बसवायचे, कडी लावायचे, खिडकी कापायचे. आईनं उरल्यासुरल्या कापडाचे पडदे शिवले, एक निळा, एक चौकडीचा, एक बसच्या सीटचा. ऊन तापलं की गाडीच्या लाकडातून पावाचा वास यायचा. इंजिन तेवढं नव्हतं. ते शेवटी बसवू, असं वडील म्हणायचे.

इंजिनाशिवाय ती गाडी कुठे कुठे जाऊन आली. शाळा सुटली की थोरली ड्रायव्हरच्या सीटवर आणि धाकटा मागे. ती उस्ताद, तो क्लीनर. समुद्रापर्यंत जाणं रोजचंच होतं. परीक्षा जवळ आली की जास्त लांब जायचे. आणि त्या गाडीचा एक नियम होता, तो वडिलांनी घालून दिला होता. ड्रायव्हरनं मागे बघायचं नाही. मागचं विचारायचं. सुटायच्या आधी आणि प्रत्येक वळणावर थोरली पुढे काचेकडे बघत विचारायची, "दार?" मागून उत्तर यायचं, "लावलं." "भांडी?" "अडकवली." "क्लीनर?"

"आहे."

"मी सांगते तुम्हाला," आई एकदम म्हणाली, आणि तिचा आवाज मघाचा नव्हता, "पुसा ते. आधी पुसा. त्या गाडीतच हा पडला होता."

"आई," धाकटा म्हणाला.

"पहिली फिट आली आणि वरच्या फळीवरून पडला होता. मी तिथे मशीनवर. ह्यांचं वेल्डिंग चालू. कुणाला काही ऐकू नाही. मी दुसऱ्या दिवशी ती गाडी इथून न्यायला लावली, आणि आज तुम्ही ती परत आणून मांडलीत, आणि वर तिच्यात माझ्या नातीला झोपवताय."

ओलं फडकं धाकट्याच्या हातात होतं, पण त्यानं ते पुसायला वापरलं नाही.

थोरली खोक्यापाशी तशीच उभी होती. भिंगरी तिच्या पाठीमागे कुठेतरी होती. खडूच्या खोलीत, पाच मोठ्या माणसांच्या घोळक्यात, चार भिंतींच्या शेडमध्ये. तरी तिची मान वळली. मान वळलेली तिचं तिलाच कळलं, आणि ती पुन्हा सरळ करायचा तिला कंटाळा आला. किती दिवस हे.

"मला गाडी चालवता येत नाही," ती म्हणाली.

"काय म्हणतेस? आठवडाभर आधी तू…" वडील थांबले. आठवडाभर आधीही जावयानंच आणून सोडलं होतं.

"भिंगरी झाल्यापासून नाही चालवली. सगळी कारणं खोटी होती. ती मागे असली की मला पुढे बघताच येत नाही. सारखी मागे बघते. एकदा लाल सिग्नल तोडला." तिनं धाकट्याकडे पाहिलं. "तू एवढं सगळं जुळवलंस. मला आधीच सांगायला हवं होतं. आज फोन आला की नाही म्हणून सांग."

जावयानं टेप थोडा बाहेर ओढला आणि सोडला. मग पुन्हा ओढला.

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता. तिनं पुढे होऊन थोरलीच्या पाठीवर हात ठेवला. "मीही बघतेच की. हा झोपला की दार उघडं आहे ना, अजून बघते. लग्न होऊन वेगळा राहील तेव्हाही बघेन. बघावंच लागतं, पोरी. नाही चालवत तर नाही चालवत."

"आई, बघून काही कळत नाही," धाकटा म्हणाला.

तो अजून जमिनीवरच बसला होता, खडूच्या फळीखाली. त्यानं तोंड उघडलं की लोक थांबत नसत. शेंडेफळ म्हणून जन्मभर त्याचं बोलणं मध्येच तोडलं गेलं होतं. पण आता सगळे थांबले.

"त्या दिवशीचं तुम्ही सगळे सांगता. मी कधी सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही. मी पडलो ते मला नाही आठवत. पण नंतरचं थोडं आठवतं. ताईनं विचारलं, क्लीनर? मला ऐकू आलं. तोंड हलेना. तिनं पुन्हा विचारलं. मला वाटत होतं मी उत्तर देतोय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज बदललेला होता, आणि मग सीटवरून उडी मारल्याचा आवाज, आणि मग ती ओरडत बाबांकडे धावली." तो थोरलीकडे वळला. "तू विचारलंस म्हणून कळलं, ताई. मागे वळून पाहिलं असतंस, तर तुला पोरगं फळीखाली आडवं पडून सोंग करतंय असं वाटलं असतं. मी रोजच सोंगं करायचो. उत्तर आलं नाही म्हणून तुला कळलं."

थोरलीला ती दुपार हजारदा आठवली होती, पण नेहमी एकाच बाजूनं. पुढच्या काचेकडे बघणारी ती, आणि मागची शांतता. त्या शांततेच्या आत कुणी ऐकत पडलं होतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मी डेपोत काय करतो?" धाकटा म्हणाला. "दिवसभर तेच. मला कुठली बस दिसत नाही. मी विचारतो, ते सांगतात, आहे. तिकडेही मी पुढे नाही बसणार. मागे बसेन, भिंगरीच्या शेजारी. तू विचार. माझं काम तेच आहे, मला दुसरं येतही नाही."

"आणि तुलाच काही झालं तर?" आईनं विचारलं. हा प्रश्न या घरात मोठ्यानं कुणी विचारत नसे.

"तर उत्तर येणार नाही. ती गाडी कडेला लावेल. गोळ्या कुठे असतात तिला माहीत आहे."

आत्यानं घसा खाकरला. "माझं ठरलं," ती म्हणाली. "बेत वाईट आहे. माणसं बरी आहेत. मी ह्यांच्या बाजूनं."

"वन्सं, तुम्हीसुद्धा?"

"तू चिडू नकोस. मी तुझ्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. मग गेले असते."

वडील आतापर्यंत एका जागी उभे होते. आता त्यांनी धाकट्याच्या हातातलं फडकं घेतलं, खाली बसले आणि पुढची भिंत पुसली. मग बाजूची. थोरलीला वाटलं ते सगळीच पुसणार, पण त्यांनी कोनाडा ठेवला, फळी ठेवली. जावयाला म्हणाले, "धरा टेप." जावयानं टेप धरला. यावेळी त्यांनी फोनवरचा एकेक आकडा त्याला मोठ्यानं वाचायला लावला आणि रेघा हातभर बाहेर नेल्या. जुनी गाडी नव्या गाडीच्या पोटात पुसटशी राहिली. शेवटी त्यांनी खोकं उचललं आणि दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलं.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "बसा उस्ताद. पसंत नसेल तर उठा. गिऱ्हाइकाला मी कधी आग्रह केलेला नाही."

थोरली बसली. उलट्या बाजूला बसून तिला सगळंच उलटं वाटलं. हात आपोआप गियर शोधायला चुकीकडे गेला, आणि मागून आत्या म्हणाली, "तिकडे दार आहे बाई, बाहेर पडशील." जावई हसला. थोरलीनं हात दुसरीकडे आणला. पुढे शेडचं मोठं सरकतं दार होतं, अर्धं उघडं. बाहेर त्यांची मोटार उभी होती आणि दुपार कलत आली होती. मागे भिंगरी होती. मान ताठ धरायला तिला दोन्ही हातांनी काहीतरी धरावं लागलं. हवेत धरायला काही नव्हतं, म्हणून तिनं गुडघे धरले.

"दार?" तिनं विचारलं.

"लावलं," धाकटा म्हणाला. एवढ्या वर्षांनीही त्यानं एक श्वास वाया घालवला नाही.

"भांडी?"

मग आईचा आवाज आला, कोरडा, "भांडी अजून घेतलीच नाहीत. घेतली की अडकवीन."

"क्लीनर?"

"आहे."

"भिंगरी?"

काही नाही. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या. "भिंगरी?"

"आहे गं. आत्याच्या खुर्चीखाली बसून खडू खातेय," धाकटा म्हणाला. "काढून घेतला. आहे."

तिनं मागे पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण उशिरा पाहिलं, उत्तर पुरतं ऐकून झाल्यावर. तेवढ्या उशिराचंच तिला नवल वाटलं.

फोन आला तेव्हा आई मशीनच्या खणातून काही शोधत होती. धाकट्यानं फोन उचलला, हो म्हणाला, हो म्हणाला, मग फोन बाजूला धरून थोरलीकडे नुसतं पाहिलं. एरवी असा प्रसंग आला की तो विनवायचा, लाडात यायचा, ताई ताई करायचा. आज त्यानं काही केलं नाही.

"दे इकडे," ती म्हणाली आणि आपलं नाव सांगितलं. त्या बाईला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

खणातून आईनं एक घडी बाहेर काढली. निळा, चौकडीचा आणि बसच्या सीटचा. घड्यांवर रंग उडाला होता आणि आत तसाच होता. ती निळा पडदा घेऊन खडूच्या खिडकीपाशी वाकली, जमिनीवर अंथरला आणि तळव्यानं सपाट केला. दोन्ही बाजूंनी वीत वीत कमी पडत होता.

"जोड द्यावा लागेल," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "तिथे थंडी फार असते म्हणतात. अस्तर लावू का?"

"लाव," वडील म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं. तुम्ही कुठे येताय."

"मी इथे राहतो की," वडील म्हणाले आणि ओट्याच्या रेघेवर टेकले, म्हणजे जमिनीवरच बसले. "किल्ल्या द्यायच्या आहेत तोवर."

निघायच्या वेळी जावई सवयीनं ड्रायव्हरच्या सीटवर बसला, किल्ली लावली, आणि मग उतरला. मागचं दार उघडून भिंगरीच्या शेजारी जाऊन बसला, गुडघे पोटाशी घेऊन, कारण मागे जागा कमी होती. धाकटा आणि वडील शेडच्या दारात उभे होते. आईनं आतूनच हात केला. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

थोरलीनं सीट पुढे ओढली. आरसे लावले. लहानसा आरसा, भिंगरीचा, तिनं काढून जावयाच्या हातात मागे दिला.

"दार?" तिनं विचारलं.

"अं?" जावई म्हणाला. मग म्हणाला, "हो. लावलं. लावलं."

"भिंगरी?"

मागे शांतता. फाटकाबाहेर रस्त्यावरून एक बस गेली. थोरलीनं स्टिअरिंग धरलं होतं, यावेळी धरायला खरंच काहीतरी होतं. तिनं बस जाऊ दिली, रस्ता मोकळा झालेला पाहिला, आणि तरीही क्लच सोडला नाही.

"भिंगरी?"

"आए," भिंगरी म्हणाली. दुपारभर तिनं तेच तर ऐकलं होतं.

"आणि मी पण," जावई म्हणाला.

थोरलीनं गाडी फाटकाबाहेर काढली.